बाळंतिणीचा डबा: महाल ते शारजा

नागपूरच्या महाल भागात मावशीच्या घरी पोचलो तेव्हा ओसरीवर जुनी सोलापुरी चादर अंथरलेली होती आणि तिच्यावर २३ वस्तू मांडलेल्या होत्या. वस्तू मोजायची सवय मला धंद्याने लावली. बर्डीवर माझं तिकिटांचं छोटं ऑफिस आहे. तिकीट हातात पडलं की गिऱ्हाइकाचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो, "खायचं काही नेता येते का?" माझं उत्तरही इतकी वर्षं ठरलेलं होतं, "नेता येते, फक्त पातळ काही हातात ठेवू नका." हे उत्तर किती तोकडं आहे ते मला माझ्याच मावशीच्या चादरीवर कळलं, म्हणून हे सगळं लिहून काढतो आहे.

परिस्थिती साधी होती. मावसबहीण, आमची ताई, अमिरातीतल्या शारजात, पहिलं बाळंतपण, तारीख जानेवारीअखेरची. मावशी पहिल्यांदाच देशाबाहेर निघालेली, दोन महिन्यांसाठी. नागपूरहून शारजाला थेट विमान आहे. सोनेगावच्या विमानतळावरून पहाटे उडतं आणि साडेतीन तासांच्या आसपास उतरतं. मध्ये मुंबई नाही, दिल्ली नाही, बॅग उचलून इकडून तिकडे न्यायची भानगड नाही. मला वाटलं होतं, याहून सोपं प्रकरण नाही.

चादरीवर काय होतं ते सगळं सांगत नाही, मुख्य तेवढं सांगतो. डिंकाचे लाडू साडेतीन किलो. मेथीचे लाडू. हळीव कोरडेच, तिकडे ओलं नारळ घालून करायला. गोडंबी, खारीक, खोबऱ्याच्या वाट्या किलोभर. कमरकस. बाळंतशोप. घरच्या लोण्याचं साजूक तूप दोन डब्यांत. जवसाची चटणी. लिंबाचं गोड लोणचं. जावईबापूंसाठी इतवारीतल्या दुकानाचा सावजी मसाला एक किलो. बाळंतकाढ्याची बाटली. आणि एका कोपऱ्यात फडक्यात बांधलेलं पाचवीच्या पूजेचं सामान: हळदकुंकू, सुपाऱ्या, नारळ, ओल्या कापडात गुंडाळलेली विड्याची पानं.

मावशी म्हणाली, "सगळं कोरडं आहे पाय. पातळ म्हणशील तर तूप आन लोणचं. ते मी मोठ्या बॅगेत टाकते."

माझं वाक्य तिने तंतोतंत पाळलं होतं.

मी लाडवाचा डबा उघडला. वास असा की पोटातून भूक उठावी. एक लाडू फोडला आणि खाता खाता बोटाला काही बारीक कण चिकटले. राखाडी-पांढरे, मोहरीपेक्षाही बारीक. डिंकाच्या लाडवात खसखस असतेच. मलाही माहीत होतं, आजीच्या हातचे खाल्ले तेव्हापासून. पण तिकिटांच्या धंद्यात राहून मला दुसरीही एक गोष्ट माहीत होती, आणि त्या क्षणापर्यंत या दोन गोष्टी डोक्यात एकमेकींना भेटल्याच नव्हत्या: अमिरातीत खसखस नेणं हा अंमली पदार्थांच्या कायद्याखालचा गुन्हा आहे.

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. अफू निघते ती कच्च्या बोंडाला चीर दिल्यावर पाझरणाऱ्या चिकापासून. बियांत नशा येईल असं काही नसतं, पण त्यांना चिकाचा अंश लागलेला राहू शकतो. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातले शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतात, नीमच-मंदसौर भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथली खसखस उघड बाजारात विकली जाते. १९८५ च्या आपल्या कायद्याने अफूला आणि बोंडाला बंधन घातलं, बी मोकळं ठेवलं. इतवारीत किराणा दुकानात ती वेलदोड्याच्या शेजारी बरणीत असते. अमिरातीत असा फरक करत नाहीत. सौदीतही नाही, सिंगापुरातही नाही. लंडनच्या विमानतळावर खाल्लेल्या पावाचे तीन खसखशीचे दाणे कपड्यांवर सापडले म्हणून एका प्रवाशाला दुबईत तुरुंगवास झाल्याची बातमी २००८ साली जगभर फिरली होती. मावशीजवळ साडेतीन किलो लाडू होते.

मी सांगितलं तर मावशी हसायलाच लागली. "मी काय तस्करी करून राहिली का? लाडू हायेत ते!"

खरी अडचण इथेच आहे. खसखस पुडीत असती तर बाजूला काढून ठेवली असती. ती लाडवात मिसळली की माणसाच्या मनात तिचं खसखसपण संपतं आणि ती 'लाडू' होते. पण पलीकडच्या टेबलावरच्या अधिकाऱ्याला लाडू हा शब्दच माहीत असेल असं नाही. त्याला एक तपकिरी गोळा दिसतो. फोडला तर दाणे दिसतात.

त्या संध्याकाळी घरात बराच वाद झाला. मावसा म्हणाले, इतके लोक नेतात, कोण बघतो. हे खरंही आहे, पुष्कळ लोक नेतात आणि पुष्कळांचं निभावतं. मी एवढंच म्हणालो की पकडलं गेलं तर तिथे मावशी असेल, तुम्ही नसाल, आणि ताई त्या आठवड्यात दवाखान्यात असेल. मावसा उठून बाहेर जाऊन उभे राहिले. नंतर बाजारात जाऊन नवा डिंक तेच घेऊन आले.

लाडू नव्याने करायचे ठरले. आता यातली बारीक गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या लक्षात आली नव्हती, मावशीच्या आली. ती म्हणाली, "कढई तीच, परात तीच, मिक्सरचं भांडं तेच. खसखस भाजताना उडते, माहीत आहे का?" खसखशीचा दाणा मिलिमीटरभराचा. तुपाचा हात लागला की कढईच्या कडीखाली, मिक्सरच्या पात्याखालच्या रबराच्या खाचेत, चाळणीच्या कडेच्या दुमडीत जाऊन बसतो. मावशीने पितळी चाळणी माझ्यासमोर पालथी घालून पाटावर आपटली. सात-आठ दाणे पडले. घासून ठेवलेली चाळणी होती ती. शेवटी कढई आणि मिक्सर शेजारच्या काकूंचा आणला, चाळणी वापरलीच नाही, आणि ज्या सुटकेसमध्ये मावसांनी मागच्या दिवाळीत पुण्याला मसाले नेले होते ती सुटकेस आधी उन्हात झटकली, मग ओल्या कापडाने आतून पुसली. मावशीने प्रवासाची साडीसुद्धा बदलली. मला ते जरा जास्तच वाटलं, पण बोललो नाही.

खसखस गेल्यावर लाडवाला जरा भरड कमी पडते. तिने बदामाची जाडसर पूड वाढवली आणि गोडंबी थोडी जास्त घातली.

पुढचं, खोबऱ्याच्या वाट्या. हे मला आधीपासून माहीत होतं आणि यावर वाद झाला नाही, फक्त आश्चर्य झालं. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही, २०२२ पासून आपल्याकडे यावर स्पष्ट बोट ठेवलेलं आहे. विमान वाहतुकीच्या नियमांत सुकं खोबरं आपोआप तापणाऱ्या पदार्थांत मोडतं. त्यात साठ टक्क्यांच्या वर तेल असतं. ढीग लागला, हवा खेळली नाही, थोडा ओलावा असला की आतल्या आत उष्णता साठत जाते. बॅगा विमानाच्या पोटात एकीवर एक रचलेल्या असतात आणि तिथे माणूस नसतो. "किलोभर खोबऱ्याने काय आग लागते?" मावशीचा प्रश्न वाजवी होता. नियम एका बॅगेचा विचार करून केलेला नसतो. सणासुदीच्या, देवस्थानांच्या दिवसांत एकाच विमानात पन्नास जणांच्या बॅगांत खोबरं असू शकतं. वाट्या घरी राहिल्या. लाडवात किसून, भाजून घातलेलं होतं तेवढंच गेलं. हळिवासाठीचं ओलं नारळ शारजाच्या दुकानात मिळतंच, केरळची इतकी माणसं तिथे आहेत.

मग जावईबापूंचा मसाला. पुडक्यावर घटक छापलेले होते, आणि धणे, जिरे, दगडफूल, नागकेशर यांच्या ओळीत शांतपणे खसखस बसलेली. सावजी हा मुळात हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा स्वयंपाक. प्रत्येक घरचा मसाला वेगळा, पण रस्सा दाट आणि काळसर व्हायला त्यात खसखस, जवस, भाजलेलं खोबरं असं काही ना काही पडतंच. मी दुकानात जाऊन विचारलं, बिनखसखशीचा मिळेल का. दुकानदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जशी मी बिनतर्रीचे पोहे मागितले. "मग तो सावजी कायचा, भाऊ?"

शेवटी मावशीने घरी केला. खसखशीऐवजी जवस थोडा जास्त आणि भाजलेली फल्ली, म्हणजे शेंगदाणे. चक्कीवर मात्र पाठवला नाही. चक्कीवाल्याने आमच्या आधी कोणाचा मसाला दळला असेल ते कसं सांगणार? खलबत्त्यात कुटला, दोन दिवस लागले. हा मसाला आणि जवसाची चटणी दोन्ही मोठ्या बॅगेतच टाकली, कारण मिरचीची पूड हातातल्या बॅगेत चालू देत नाहीत. केबिनमध्ये कोणाच्या डोळ्यांत फेकता येईल अशी वस्तू सुरक्षावाल्यांना नको असते.

पानांचं प्रकरण मला नंतर कळलं. विड्याची पानं अमिरातीत बंद आहेत, तिथल्या सीमाशुल्काच्या बंदीच्या यादीतच ती येतात. पान-तंबाखू-गुटखा या सगळ्याकडे ते एकाच नजरेने बघतात. मी पूजेच्या फडक्यातून पानं काढली, सुपाऱ्याही काढल्या. मावशी गप्प बसली. दुसऱ्या दिवशी सामान पुन्हा लावताना बाळाच्या दुपट्यांच्या घडीत पाच पानं सापडली. "पाचवीला सटवाई येते बाळाचं नशीब लिहायला," ती म्हणाली, "तिच्यापुढे पान नको?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोनवर ताईने उत्तर दिलं: "आई, सटवाईला शारजाचे नियम माहीत असतील." पानं देवघरात गेली.

बाळंतकाढाही राहिला. औषधांचे तिथले नियम वेगळे आणि कडक, आणि बाटलीवरच्या मराठी लेबलावरून तिथे कोणाला काही समजलं नसतं. ताईच्या डॉक्टरांनी तसंही नको म्हटलं होतं.

लोणच्यावर मी थोडा वेळ घालवला, कारण लोणचं गळतं आणि बॅगेतल्या सगळ्या साड्यांचा सत्यानाश करतं. कारण समजून घेतलं तर उपाय सोपा आहे. उडत्या विमानात आतला हवेचा दाब जमिनीवरच्याइतका ठेवत नाहीत. साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका ठेवतात, आणि बॅगा ठेवायच्या पोकळीतही जवळपास तसाच असतो. चिवड्याचं पाकीट विमानात टम्म फुगतं ते याचमुळे. बरणीत झाकणाखाली दोन बोटं हवा कोंडलेली असेल तर तीही फुगते आणि तेलाला झाकणाच्या आट्यांतून बाहेर ढकलते. झाकण कितीही घट्ट लावलं तरी. म्हणून बरणी नकोच. इतवारीतल्या एका दुकानातून लोणचं जाड पाऊचमध्ये भरून, हवा दाबून काढून, मशीनने सील करून घेतलं, वर दुसरा पाऊच. तुपाचंही तसंच.

निदान मला वाटलं, तुपाचंही तसंच.

विमान पहाटेचं, म्हणून आम्ही रात्री एकच्या सुमारास सोनेगावला पोचलो. जानेवारीतली नागपूरची थंडी, हाताची बोटं वाकत नव्हती. काउंटरवर वजन २९ किलो भरलं, ३० चालत होतं, मावशीचा चेहरा खुलला. ती आत गेली. मी दाराबाहेर चहा घेत उभा होतो. वीस मिनिटांनी फोन आला.

सुरक्षा तपासणीत तिची हातातली पिशवी थांबवली होती. पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात अर्धा किलो तूप. मी पाऊचमध्ये भरून मोठ्या बॅगेत टाकलेल्या तुपाखेरीज हे वेगळं. नंतर कळलं की पाऊचला तुपाचा वास लागतो, आणि बाळंतिणीच्या पहिल्या घासाचं तूप स्टीलमधलं असावं, असं तिचं मत होतं. म्हणून मी गाडी काढायला बाहेर गेलो तेव्हा तिने तो डबा पिशवीत टाकला.

फोनवर तिचा आवाज चढलेला होता. "मी त्याइले सांगून राहिली, पातळ कुठे आहे हे? चमचा रोवून दाखवला! उभा राहिला चमचा!"

चमचा खरंच उभा राहिला असणार. त्या थंडीत तूप दगडासारखं थिजलेलं. पण तूप, लोणी, दही, श्रीखंड, चटणी, जाम, हे सगळं 'द्रव आणि जेल' या एकाच पोत्यात मोजतात. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला पेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं विमानांत नेण्याचा कट उघडकीला आला, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय विमानांत हातातल्या सामानात प्रत्येक भांडं जास्तीत जास्त १०० मिलीचं आणि सगळी भांडी मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत, असा नियम जगभर रुजला. तूप आत्ता घट्ट आहे की नाही हे तपासणारा बघत नाही, ते उबेला वितळतं हे बघतो. नागपूर-पुणे विमानात पाण्याची बाटली नेऊ देतात म्हणून लोक फसतात, तिथे हा नियम तसा लावत नाहीत.

चूक माझी होती. मी मावशीला 'तूप मोठ्या बॅगेत' एवढंच सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. तिने स्वतःच कारण लावलं: सांडतं म्हणून. मग थिजलेलं तूप सांडत नाही, तर ते हातात का नको? तिच्या हिशोबात काहीच चुकलं नव्हतं. खसखशीचं, खोबऱ्याचं कारण मी सविस्तर सांगितलं होतं आणि ते तिने माझ्यापेक्षा काटेकोर पाळलं, चाळणी आपटून. ज्या एका गोष्टीचं कारण गाळलं, तिथेच डबा अडला.

तिथल्या जवानाने आवाज चढवला नाही, हे सांगितलं पाहिजे. मावशीच्याच सांगण्यावरून, तो म्हणाला की काउंटरवर परत जाऊन बॅगेत टाकता येईल तर बघा. पण बॅग पट्ट्यावरून गेलेली, काउंटर बंद होत आलेला, आणि तिला एकटीला परत बाहेर येऊन पुन्हा आत जायची धास्ती. डबा तिथेच ठेवला. रिकामा करून तरी द्या म्हणाली, ते त्यांनी दिलं नाही. डबा लग्नातला होता.

त्या रात्रीनंतर मी गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचं उत्तर तीन भागांत द्यायला लागलो, आणि त्याला वेळ लागतो. 'चालतं का' हा एक प्रश्न नाहीच. हातातली पिशवी तपासणाऱ्याला स्फोटाची भीती असते, त्याला तूप दिसतं. विमान कंपनीला पोकळीतल्या आगीची भीती असते, तिला खोबरं दिसतं. उतरतो त्या देशाची भीती तिसरीच, आणि ती देशागणिक बदलते. अमिरातीला खसखस आणि पान दिसतं. हेच लाडू अमेरिकेला निघाले असते तर खसखशीपेक्षा सोबतच्या वासाच्या तांदळाची पिशवी अडली असती, कारण खापरा नावाचा साठवणीतल्या धान्याचा किडा आपल्याकडे आहे आणि त्यांना तो नको आहे. कढीपत्ताही अडला असता, लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारा कीटक त्याच्यावर जगतो म्हणून. आपल्या संत्र्यांच्या मुलखातल्या माणसाला हे लगेच पटतं. लंडनला खव्याचे पेढे अडतात, दूध-मांसाच्या पदार्थांवर तिथे बंदी आहे. एकच डबा, पण प्रत्येक दारावर त्यातली वेगळी वस्तू बाहेर येते. आणि शेवटच्या दारावर कोणी विचारलं तर जे आहे ते आहे म्हणून सांगायचं, 'काही नाही' म्हणायचं नाही. तपासणीत निघालेल्या लाडवापेक्षा खोटं बोलणं महाग पडतं.

शारजाला मावशीची मोठी बॅग खरंच उघडली. अधिकाऱ्याने लाडवाचा डबा बाहेर काढून नाकाजवळ नेला. शेजारी उभा असलेला एक पाकिस्तानी हमाल उर्दूत म्हणाला, जच्चा का खाना है. एक लाडू फोडला गेला, बोटांनी चोळला गेला, आणि डबा परत बॅगेत गेला. मावशी म्हणते की त्या अधिकाऱ्याने फोडलेला अर्धा लाडू तिने त्याला खायला देऊ केला, आणि त्याने हात जोडून नको म्हटलं.

बाळ पाच दिवसांचं झालं तेव्हा पूजा झाली. पानांच्या जागी पालकाची पाच पानं मांडली. ताईने व्हिडिओ कॉलवर दाखवली, देठासकट, ओळीत.

मग ताई म्हणाली, "दादा, लाडू छान झाले, पण काहीतरी कमी वाटून राहिलं."

मावशी मागून ओरडली, "सांगू नको तिला!"

खसखशीचे जे साडेतीन किलो लाडू होते, त्यातले दोन किलो महालातल्या गल्लीत वाटले गेले. उरलेला डबा बर्डीच्या ऑफिसात आहे. काल एक काका दुबईचं तिकीट काढायला आले, त्यांनाही एक दिला, आणि म्हटलं, इथेच खाऊन घ्या.